मातीतला डाव मॅटवर चालतो का?

तुम्ही धारणीचे असाल, यात्रेत एखादी कुस्ती मारली असेल, तर हा प्रश्न तुमचाच आहे.

उत्तर खाशाबा जाधवांकडे मिळतं. मातीत घडलेला हा मल्ल १९४८ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅटची सवय नसताना उतरला आणि सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीत त्यानेच कांस्यपदक जिंकलं. मल्ल तोच, पण आता मॅट ओळखीची होती.

फरक काय? यात्रेतल्या कुस्तीत चीत केलं की निकाल. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा हिशोब. पट काढणं, ढाक, धोबीपछाड सगळं चालतं, फक्त घड्याळ सांभाळून.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळी देशी खेळ दाखवले, त्यात कबड्डीही होती. पुढे पक्के नियम आणि स्पर्धा मिळालेली कबड्डी १९९० ला आशियाई स्पर्धेत पोचली. लाठी मात्र बहुतेक ठिकाणी प्रात्यक्षिकातच अडकली.

म्हणून आखाडा मोडू नका, त्याच्या शेजारी मॅट मागा. सरावासाठी रोज घाट उतरून परतवाड्याला कोण जाणार?