सुताचा नंबर ओळखा

सोलापूरच्या चादरी-टॉवेलांमुळे सूत आपल्याला नवे नाही. पण विणायला घेताना नंबर फसवतो. एक पौंड सुतात 840 वारांच्या जितक्या लडी भरतात, तो त्याचा नंबर. म्हणून 10 नंबरचे सूत जाड आणि 40 नंबरचे बारीक. 2/20 म्हणजे 20 नंबरचे दोन धागे पिळलेले. जाडी साधारण 10 नंबराएवढी.

क्रोशा नव्याने शिकताना अनेक पदरी, गुळगुळीत, फिक्या रंगाचे जाड सूत आणि 4 मिलिमीटरची सुई घ्या. टाके स्पष्ट दिसतात, चुकले तर उसवता येतात. पहिल्याच खेपेला बारीक सूत घेतले, तर कंटाळा येऊन पैसे वाया जातात. लागणारे सूत एकाच लॉटचे एकदम घ्या. मागाहून आणलेल्याची छटा जुळेलच असे नाही. आपल्या उन्हाला सुतीच बरे. लोकर बाळाच्या हिवाळी टोपड्यासाठी ठेवा.