स्वस्त कॅमेरा : घ्यावा की घेऊ नये?

शाळेच्या विज्ञान मंडळाकडे थोडी रक्कम जमली, की एक वाद हमखास सुरू होतो. सूक्ष्मदर्शक घ्यावा, दुर्बीण घ्यावी, की डिजिटल कॅमेरा घ्यावा? कॅमेऱ्याचे नाव निघताच दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष म्हणतो, “घरोघरी फोन आहेत, मग कॅमेऱ्यावर पैसे कशाला उधळायचे?” दुसऱ्या पक्षाने जाहिरात पाहिलेली असते. तो म्हणतो, “दोनतीन हजारांत ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा मिळतो आहे, आणखी काय हवे?” माझ्या मते दोन्ही पक्ष अर्धवट बोलत आहेत. कॅमेरा हे प्रकाश मोजण्याचे उपकरण आहे. तेव्हा तराजू किंवा तापमापक घेताना आपण जी चौकशी करतो, तीच कॅमेऱ्याचीही केली पाहिजे. हे उपकरण नेमके काय मोजते, किती अचूक मोजते आणि आपल्या कामाला ते पुरेसे आहे काय?

आधी त्याचे कार्य थोडक्यात पाहू. भिंगामुळे समोरच्या दृश्याची प्रतिमा एका छोट्या सिलिकॉनच्या पट्टीवर पडते. या पट्टीला संवेदक म्हणतात. तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म चौकटी असतात, त्याच पिक्सेल. प्रकाशाचा कण, म्हणजे फोटॉन, सिलिकॉनमध्ये शिरला की तेथील एखादा इलेक्ट्रॉन मोकळा होतो. ज्या चौकटीवर जास्त प्रकाश पडतो तेथे जास्त इलेक्ट्रॉन साठतात. शेवटी प्रत्येक चौकटीतील विद्युतभार मोजून त्याचा आकडा लिहिला जातो. प्रकाश कणांच्या रूपाने ऊर्जा देतो, ही आईनस्टाईन यांनी १९०५ साली मांडलेली कल्पना अशी आपल्या खिशात येऊन बसली आहे. अशा संवेदकाचा एक प्रकार, सीसीडी, विलर्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत शोधला. त्याबद्दल २००९ सालच्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी जो डिजिटल कॅमेरा जोडला, त्यात अवघे १०,००० पिक्सेल होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. तिथपासून आजच्या दोन कोटी पिक्सेलपर्यंतचा हा प्रवास थक्क करणारा आहे, यात शंका नाही.

पण याच आकड्याने ग्राहक फसतो. दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. अगदी स्वस्त कॅमेऱ्यांच्या खोक्यावर ४८ हा आकडा ठळक छापलेला असतो. मात्र आतला संवेदक त्याच्या चौथाई किंवा त्याहूनही कमी पिक्सेलचा असू शकतो. उरलेले पिक्सेल कॅमेऱ्यातील गणकयंत्र शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरते. समजा, तुमच्या वर्गातील ४० मुलांची उंची मोजायची आहे. कोणी १० मुलांची उंची मोजली आणि बाकीच्या ३० जणांची शेजाऱ्यांकडे पाहून अंदाजाने लिहिली, तर वहीत ४० आकडे दिसतील. पण मोजमापे दहाच! अशा वहीला आपण प्रयोगवही म्हणणार नाही. एखादा चौकस वाचक येथे हरकत घेईल, की चांगल्या कॅमेऱ्यातही प्रत्येक पिक्सेलवर तांबडी, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच गाळणी असते आणि इतर दोन रंग अंदाजानेच ठरवतात. हरकत रास्त आहे. परंतु तेथे प्रत्येक पिक्सेलवर निदान एक मोजमाप तरी खरोखर झालेले असते.

बरे, पिक्सेल खरे असले तरी ते जितके जास्त तितके चांगले काय? तसेही नाही. साध्या कॅमेऱ्यातील संवेदक सुमारे ६.२ मिलिमीटर लांब आणि ४.६ मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे हाताच्या करंगळीच्या नखाहून लहान. व्यावसायिक छायाचित्रकाराच्या मोठ्या कॅमेऱ्यात तो ३६ मिलिमीटर बाय २४ मिलिमीटर असू शकतो. दोघांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढून पाहा. ते तीसच्या आसपास येईल. लहानशा पट्टीवर दोन कोटी पिक्सेल बसवायचे तर प्रत्येकाची रुंदी जेमतेम १.२ मायक्रॉन उरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

येथे निसर्ग दोन अडथळे घालतो. पहिला अडथळा विवर्तनाचा. भिंग कितीही निर्दोष असले, तरी प्रकाशाच्या बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता एक लहान तबकडी बनते. तिचा व्यास काढण्यासाठी प्रकाशाची तरंगलांबी, भिंगाच्या नाभीय अंतराचे छिद्राच्या व्यासाशी असलेले गुणोत्तर आणि २.४४ यांचा गुणाकार करतात. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन आणि ते गुणोत्तर ३ घेतले, तर तबकडीचा व्यास ४ मायक्रॉन येतो. म्हणजे एकच बिंदू तीन पिक्सेलहून अधिक रुंदीवर पसरतो. मग पिक्सेल आणखी बारीक करून हाती काय लागणार? भिंगाने जे दाखवलेच नाही, ते संवेदक कोठून आणणार?

दुसरा अडथळा प्रकाशकणांच्या संख्येचा. फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे अनियमितपणे पडतात. सरासरी १०० पडत असतील तर त्यात १०० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे १० चा, चढउतार सहज होतो. हा १० टक्के झाला. सरासरी १०,००० असेल तर चढउतार १०० चा, म्हणजे अवघा १ टक्का. लहान पिक्सेलमध्ये फोटॉन कमी मावतात आणि कमी पडतात. म्हणूनच स्नेहसंमेलनात सभागृहाच्या मंद उजेडात घेतलेली छायाचित्रे रवाळ आणि डागाळलेली येतात. तो नेहमीच कारागिरीचा दोष नसतो. पुष्कळदा ते गणित असते.

झूम या शब्दाचेही असेच आहे. भिंगे मागेपुढे सरकून नाभीय अंतर वाढते तो खरा झूम. डिजिटल झूममध्ये चित्राचा मधला तुकडा कापून फक्त मोठा करतात. त्यात नवी माहिती काडीचीही नसते. चंद्राचे उदाहरण घ्या. त्याच्या प्रतिमेचा व्यास नाभीय अंतराच्या सुमारे एकशेदहाव्या भागाइतका असतो. नाभीय अंतर ४.५ मिलिमीटर असेल तर प्रतिमा सुमारे ०.०४ मिलिमीटरची, म्हणजे वरील संवेदकावर ३४ पिक्सेलची पडते. भिंगाचा पाचपट झूम असेल तर तीच १७० पिक्सेलची होते, आणि चंद्रावरील काळसर मैदाने वेगवेगळी ओळखू येतात.

आता फोनवाल्या पक्षाचे म्हणणे ऐकू. त्यांची बाजू लंगडी नाही. आजच्या अनेक मध्यम किमतीच्या फोनमधील संवेदक या साध्या कॅमेऱ्यातील संवेदकाहून लहान नसतो, कित्येकदा मोठाच असतो. शिवाय फोन एका क्षणात अनेक चित्रे घेऊन त्यांची बेरीज करतो, त्यामुळे मंद उजेडात त्याचे चित्र सरस ठरते. वाढदिवसाची आणि सहलीची छायाचित्रे काढण्यापुरताच विचार असेल तर फोन पुरे; वेगळा स्वस्त कॅमेरा घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन.

पण विज्ञानाच्या कामात देखणे चित्र आणि प्रामाणिक नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोन चित्राला न विचारता सजवतो. काही फोन तर चंद्राच्या चित्रात भिंगाने न टिपलेले बारकावेही भरतात. २०२३ साली यावर बरीच चर्चा झाली होती. साधा कॅमेराही थोडेफार संस्कार करतो, पण त्याची ढवळाढवळ कमी असते. ज्या कॅमेऱ्यात प्रकाश किती वेळ आत घ्यायचा हे आपल्याला ठरवता येते, तो तर प्रयोगशाळेतील उपकरणाच्या पंक्तीला बसतो. आणखी एक फायदा असा, की त्यावर निरोप येत नाहीत आणि खेळ नसतात. तो हाती दिलेला विद्यार्थी पाहायचे तेच पाहतो.

असा कॅमेरा काय काय शिकवू शकेल? भर उन्हात, भिंतीला उभी मोजपट्टी लावून, चेंडू वरून सोडा आणि चलचित्र घ्या. सेकंदाला ३० चित्रे निघत असतील तर दर तिसरे चित्र ०.१ सेकंदाने येते. चेंडू ०.१, ०.२ आणि ०.३ सेकंदांत सुमारे ५, २० आणि ४४ सेंटिमीटर खाली आलेला दिसेल. पुस्तकातले गुरुत्व त्वरण तुम्ही स्वतः मोजलेत! उजेड कमी असेल तर चेंडू लांबट, पुसट दिसेल. त्या पुसट पट्ट्याच्या लांबीवरून वेग काढता येतो. टीव्हीच्या रिमोटचे टोक कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण पडद्यावर बहुधा फिकट जांभळट ठिपक्यासारखे दिसतील. फिरत्या पंख्याची पाती वाकडी का दिसतात, याचाही शोध घ्या. संवेदक चित्र एका दमात न वाचता ओळीओळीने वाचतो, हे त्याचे कारण आहे.

तात्पर्य, खोक्यावरील मोठा आकडा पाहून अगदी स्वस्तातला कॅमेरा घेऊ नये; त्यात पैसे वाचत नाहीत, वाया जातात. घ्यायचाच तर चार गोष्टी विचारून घ्यावा. संवेदकाचे खरे पिक्सेल किती? भिंगाचा झूम किती पट? अंतरानुसार प्रतिमा स्पष्ट करण्याची सोय आहे का? बॅटरी बाजारात सुटी मिळते का? पिक्सेलची हाव धरण्याचे कारण नाही. चार बाय सहा इंचांच्या छायाचित्रात इंचाला ३०० ठिपके छापायचे, तर २२ लाखांहूनही कमी पिक्सेल लागतात.

आणि प्रत्येक मुलाला एकेक कॅमेरा हवा, असेही मुळीच नाही. शाळेला एक असावा, तो वहीत सही करून सर्वांना मिळावा, आणि गुरुजींच्या कपाटात कुलूपबंद राहू नये. जो उपकरण हाताळतो तोच ते शिकतो. एखादे वेळी ते पडेल, ओरखडा उठेल; तेवढी किंमत शाळेने मोजलीच पाहिजे.

खरेदीपूर्वी मात्र एक उपाय करून पाहा. २०१० साली जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. पुढे फोन आले आणि २०२३ मध्ये ही संख्या ८० लाखांच्याही खाली घसरली. मग ते जुने कॅमेरे गेले कोठे? पुष्कळसे घराघरांतल्या कपाटांत पडून आहेत. शाळेच्या फळ्यावर एक सूचना लिहा, पालकांना विचारा. मिळालेल्या कॅमेऱ्याची बॅटरी फुगलेली असेल तर ती वापरू नका, नवी आणा. आठदहा मेगापिक्सेलचा, खऱ्या झूमचा एखादा चांगला कॅमेरा तुम्हाला फुकटही मिळून जाईल, आणि जमलेल्या पैशांतून सूक्ष्मदर्शक घेता येईल.