तंजावरच्या दोन भिंती

तंजावरला गेलेला मराठी प्रवासी बृहदीश्वराच्या विमानाकडे क्षणभर मान वर करून पाहतो आणि लगेच 'आपला' शिलालेख कुठे आहे, याची चौकशी करू लागतो. आम्हीही तेच केले. प्राकाराच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजी दुसरे यांनी कोरविलेला भोसले वंशाचा इतिहास पाहून ऊर भरून येतो, हे खोटे कशाला सांगावे? तमिळ देशी देवनागरीत कोरलेले मराठी गद्य, तेही एवढे प्रदीर्घ! 'जगातील सर्वांत मोठा शिलालेख' हे बिरुद मात्र आम्ही बाजूला ठेवतो. फूटपट्टीने मोजलेला अभिमान फार काळ टिकत नाही.

या लेखातील पराक्रमाच्या कथा वाचताना त्याचे वर्ष आपण विसरतो. १७९९च्या तहाने सरफोजींनी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला होता. त्यांच्याकडे उरले ते तंजावरचा किल्ला, तनखा आणि महसुलातील वाटा. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी हा इतिहास दगडावर चढला. दप्तरे दुसऱ्याच्या हाती गेल्यावर राजाने आपली वंशावळ देवाच्या भिंतीपाशी ठेवली. आमच्या मते हा लेख विजयस्तंभ म्हणून वाचणे ही त्याची उपेक्षाच आहे. त्यातील व्याकुळता त्यामुळे हरवते.

आणि शेजारीच, १०१०च्या सुमारास पूर्ण झालेल्या मुख्य मंदिरावर, राजराज चोळाचे तमिळ लेख आहेत. राजाने, त्याची बहीण कुंदवै हिने, राण्यांनी काय दिले याच्या नोंदी तर आहेतच. पण तिरुवारूरसारख्या गावोगावच्या देवळांतून आणलेल्या चारशे नर्तकींची यादीही आहे. प्रत्येकीचे नाव, मूळचे देऊळ, तंजावरातील रस्ता, घराचा क्रमांक, वर्षाला शंभर कलम भाताचा वाटा. त्या स्वेच्छेने आल्या की आणल्या गेल्या, हे ती यादी सांगत नाही. तरीही हजार वर्षांपूर्वीच्या सामान्य स्त्रियांचा पत्ता आपल्याला ठाऊक असावा, हे केवढे नवल!

आमच्या लेखात राजे आहेत, सरदार आहेत, लढाया आहेत. त्यात गाणाऱ्या-नाचणाऱ्यांची अशी घरनिशीवार नोंद नाही. मराठी पर्यटकांना घेऊन येणारे वाटाडे प्राकारापाशी पंधरा मिनिटे थांबतात आणि चारशे घरांच्या त्या यादीवरून तसेच पुढे निघून जातात. पुढच्या खेपेस आम्ही तमिळ वाचणारा सोबती घेऊन जाणार आहोत, आणि सुरुवात त्या यादीपासून करणार आहोत.