मालकी कोणाची, वाचन कोणाचे?

मराठी विभागांत हस्तलिखिताविषयी जेवढा आदर दिसतो, तेवढीच संगणकातील फाइलीविषयी बेफिकिरी दिसते. पोथीला कसर लागली की आपण हळहळतो. पण बोलींच्या नोंदींचे किंवा लेखकांच्या मुलाखतींचे जुने फोल्डर उघडताना पडद्यावर ‘प्रवेश नाकारला’ असे उमटले, की ‘हे तांत्रिक काम’ म्हणून आपण दुरुस्तीवाल्याला बोलावतो. तो म्हणतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल’, आणि आपण मान डोलावतो. या मान डोलावण्याला आमचा आक्षेप आहे.

आपल्याकडील बहुतेक संगणक विंडोजवर चालतात. त्यांतील एनटीएफएस या व्यवस्थेत प्रत्येक फाइलीबरोबर दोन नोंदी असतात : तिचा मालक कोण, आणि कोणाला तिचे काय करण्याची परवानगी आहे. या नोंदी एक नव्हेत. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची, हा प्रकार महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको. येथे मालकाला वाचनाचा हक्क आपोआप मिळतोच असे नाही; त्याला हमखास मिळतो तो परवानग्या बदलण्याचा हक्क. शिवाय मालकाची नोंद नावाने नव्हे, तर यंत्राने दिलेल्या लांबलचक क्रमांकाने होते. म्हणून विंडोज नव्याने टाकली, किंवा जुनी डिस्क नव्या संगणकाला जोडली, की खात्याचे नाव तेच ठेवले तरी क्रमांक बदलतो आणि लेखक स्वतःच्याच लेखनाला परका ठरतो.

यावर उपाय फॉरमॅट नव्हे. प्रशासकाच्या खात्याला मालकी स्वतःकडे घेण्याचा अधिकार मुळातच असतो. फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘सिक्युरिटी’च्या पानावरून आधी मालक बदलावा, तो बदल आतील सर्व फाइलींना लागू करावा आणि मग वाचनाची परवानगी द्यावी. ‘टेकओन’ आणि ‘आयकॅक्ल्स’ या दोन आज्ञा हेच काम याच क्रमाने करतात. पहिली पायरी चढून दुसरी विसरणारेच ‘मालक झालो तरी दार उघडत नाही’ अशी तक्रार करतात.

दुसरे टोकही तितकेच वाईट. एक फोल्डर उघडेना म्हणून अख्ख्या सी ड्राइव्हची मालकी घेणारे आणि ‘एव्हरीवन’ला सर्वाधिकार देऊन मोकळे होणारे महाभागही आहेत. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून विंडोजच्या स्वतःच्या महत्त्वाच्या फाइली ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ या मालकाकडे असतात आणि प्रशासकालाही त्या सहजी बदलता येत नाहीत. ही अडवणूक नव्हे, राखण आहे. दिवंगत सहकाऱ्याची खासगी रोजनिशी यंत्र आपल्याला उघडू देईल. पण यंत्राने दिलेली मुभा म्हणजे नैतिक अधिकार नव्हे. मालकी घेताच जुन्या मालकाची नोंद पुसली जाते, हेही पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांनी तरी विसरू नये. ती नोंद आधी उतरवून घ्यावी.

‘आम्ही साहित्याची माणसे, आम्हांला हे कशाला?’ असे कोणी विचारील. मोडी लिपी तरी आपल्याला जन्मतः कोठे येत होती? दप्तर वाचायचे म्हणून अभ्यासकांनी ती शिकून घेतली. आजचे दप्तर डिस्कवर आहे, एवढाच फरक.

आणि हे ज्ञानही सर्वत्र पुरणारे नाही. मजकूरच सांकेतिक केलेला असेल, तर मालकी घेऊन काही साधत नाही. बिटलॉकरने बंद केलेली डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली, की ती सामान्यतः ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली निवृत्त प्राध्यापकाबरोबर गेली असेल, तर मजकूर असूनही नसल्यात जमा.

म्हणून खरा प्रश्न आज्ञांचा नाही, जबाबदारीचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सर्वसाधारण आधार संपला, त्यामुळे विभागांतील जुने संगणक बदलण्याची वेळ आली आहे. डिस्क हलवण्यापूर्वी कोणते फोल्डर कोणाचे, किल्ली कोठे आणि प्रत कोणाकडे, हे विभागाच्या नोंदवहीत शाईने लिहिले जावे. पदभार सोपवताना कपाटाच्या किल्ल्या मोजून घेणाऱ्या आपण या किल्ल्या मोजू नयेत, याला साधेपणा म्हणत नाहीत. हा हलगर्जीपणा आहे, आणि त्याची किंमत पुढचा अभ्यासक मोजणार आहे.