तांदूळ पेरता येत नाही

"मामाजी, तुमच्या ऑफिसातला तो जुना कॉम्प्युटर पडूनच आहे ना? मी त्याच्यावर लिनक्स बनवून पाहू का?"

भाचा पॉलिटेक्निकला आहे, सुट्टीत आला होता. मी म्हटलं, टाक ना, त्यात विचारायचं काय. तर म्हणाला, "टाकायचं नाही मामाजी, बनवायचं आहे. पहिल्यापासून."

त्या एका शब्दाच्या फरकात आमचे आठ दिवस गेले. बातम्या पाठवून झाल्या की रात्री मीही त्याच्याजवळ बसायचो. त्यातून जे कळलं त्याचा संबंध आपल्या जिल्ह्याशी आहे, म्हणून ही लांबलचक पोस्ट. कॉम्प्युटरमधलं कळत नाही म्हणून सोडून देऊ नका, मलाही फार कळत नाही.

'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' नावाचं एक फुकट पुस्तक आहे. जेरार्ड बीकमन्स या माणसाने १९९९ साली सुरू केलं, म्हणजे भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला त्याच वर्षी. तयार सीडी किंवा पेन ड्राइव्ह लावून लिनक्स बसवायचं नाही, एकेक तुकड्याचा सोर्स कोड आणून आपल्याच मशीनवर घडवायचा, हे ते पुस्तक शिकवतं. तुकडे ऐंशीच्या आसपास. सगळा सोर्स मिळून साधारण अर्धा जीबी.

सोर्स म्हणजे काय, हे आपल्या भागात सांगायला सोपं आहे. सोर्स म्हणजे धान, तयार सॉफ्टवेअर म्हणजे तांदूळ. तांदूळ शिजवून खाता येतो, पेरता येत नाही. पेरायचं असेल, वाण बदलायचा असेल, तर धानच लागतं. आपण कॉम्प्युटरच्या बाबतीत आजवर तांदूळच घेत आलो. मीही. २००५ नंतर उबुंटूवाले मागेल त्याला फुकट सीडी पोस्टाने पाठवायचे. परदेशातून आलेलं ते पाकीट पोस्टमनने हातात दिलं तेव्हा मला कोण आनंद झाला होता! पण तोही तांदूळच. २०११ मध्ये ती योजना बंद झाली.

तर भाच्याने मशीनवर आधी एक साधं तयार लिनक्स टाकलं आणि त्याच्या पोटात नवीन घडवायला घेतलं. पहिलं काम सोर्स आणणं. पुस्तकासोबत पत्त्यांची यादी मिळते. ती 'डब्ल्यूगेट' नावाच्या छोट्या प्रोग्रामला दिली की तो ओळीने सगळ्या फायली ओढतो. मध्येच तुटलं तर तिथूनच पुढे सुरू करायची सोयही आहे. ऐकायला सोपं. इथे मोबाइलचा रोजचा दीड जीबी, त्यातच घरच्यांचे व्हिडिओ, आणि संध्याकाळी रेंज जाते. काही फायली अर्ध्यावर राहिल्या. एका पत्त्यावर फाइलच नव्हती, कारण नवी आवृत्ती आली की काही ठिकाणी जुनी हलवून टाकतात. ती मग मिररवरून, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर ठेवलेल्या प्रतीतून आणली.

तिसऱ्या दिवशी कंटाळून तो मशीन घेऊन एका फुकट वायफायच्या ठिकाणी गेला. तिथे डब्ल्यूगेट अडून बसला. म्हणे, समोरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट बरोबर नाही. ही तपासणी बंद करायचा एक पर्याय असतो. पोराने बंद केली. भराभर फायली आल्या. खुशीत घरी आला.

पुस्तकासोबत आणखी एक यादी असते. प्रत्येक फाइलचा ३२ अक्षरांचा ठसा, एमडी५. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. ताडून पाहिलं तर आणलेली एकही फाइल जुळेना. एक उघडली. आत सोर्स नव्हताच, वायफायच्या लॉगिनचं पान होतं! नाव पॅकेजचं, आत भलतंच. पोत्यावर नाव धानाचं आणि आत भुसा.

"मामाजी, तपासणी बंद केली नसती तर हे झालंच नसतं." हे तो स्वतःच बोलला. मला काही बोलावं लागलं नाही.

पुढचे दिवस कोड घडवण्यात गेले. जुनं मशीन, एकटा जीसीसी कंपायलर रात्रभर चालला. शेवटी नवीन सिस्टिम सुरू झाली. काळा पडदा, त्यावर लॉगिन. पोराने मोठ्या ऐटीत पुढचं पॅकेज आणायला डब्ल्यूगेट टाइप केलं. उत्तर आलं, अशी कमांड नाही. अहो, मूळ पुस्तकाच्या यादीत डाऊनलोड करणारा प्रोग्रामच नाही! तो पुढच्या पुस्तकात. म्हणजे आणणारा आणायला आधी कोणीतरी आणणारा पाहिजे. परत जुन्या लिनक्समध्ये जाऊन डब्ल्यूगेटचा सोर्स आणि खऱ्या-खोट्या वेबसाइट ओळखायची सर्टिफिकेटं पेन ड्राइव्हवर घ्यावी लागली.

ठसा जुळला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. त्याच ऐंशीत 'एक्सझेड' नावाचं पॅकेज आहे. २०२४ च्या सुरुवातीला त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट निघाली. दोनेक वर्षं काम करून विश्वास मिळवलेल्या माणसानेच ती घातली होती, आणि ती पूर्ण जुळून यायची डाऊनलोडच्या गठ्ठ्यात. अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो असा प्रश्न पडला, म्हणून २९ मार्च २०२४ ला जगाला कळलं. सोर्स उघडा होता, म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आलं. पण आत पाहणारा माणूस लागतो. असे पाहणारे आपल्या जिल्ह्यात किती तयार होत आहेत?

आता माझं म्हणणं. आपला जिल्हा तलावांचा. मालगुजारीच्या काळात कोहळी समाजाने तलाव बांधले. पाणी गावातच अडवलं, म्हणून धान पिकलं. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, 'मामा तलाव' झाले, आणि किती तलावांत गाळ साचला ते आपण पाहतोच. सोर्स कोडचंही तसंच करायला हवं. प्रत्येक पोराने आपापल्या दीड जीबीतून लांबून पाणी ओढण्यापेक्षा गावात एक तलाव असावा. पॉलिटेक्निक, आयटीआय, कॉलेज, जिल्हा ग्रंथालय, जिथे जमेल तिथे एक जुना कॉम्प्युटर आणि एक हार्ड डिस्क. त्यात ही पुस्तकं, सगळा सोर्स, ठशांच्या याद्या. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे लिनक्सचे धडे मराठीत आहेत, तेही ठेवा. पोरांनी पेन ड्राइव्ह घेऊन यावं, भरून न्यावं, ठसे ताडून पाहावेत. आणि दर सहा महिन्यांनी गाळ काढायला, म्हणजे नवीन आवृत्त्या आणायला, एक माणूस नेमलेला असावा. नाहीतर याचाही मामा तलाव होईल.

कोणी म्हणेल, याने नोकरी लागते का? उद्याच लागेल असं मी म्हणत नाही. पण तुमच्या अँड्रॉइड फोनच्या बुडाशी लिनक्स आहे, जगातल्या पहिल्या पाचशे सुपरकॉम्प्युटरवर लिनक्स आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्येच ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं धोरण काढलं. केरळच्या सरकारी शाळांतली पोरं कितीतरी वर्षांपासून यावर शिकून राहिली आहेत. आपली पोरं मात्र सर्टिफिकेट घेऊन फॉर्म भरायच्या दुकानात बसली आहेत.

आमच्याकडे आता तो अर्धा जीबी तयार आहे, ठसे ताडून घेतलेला. कोणत्याही कॉलेजने मागावा, पेन ड्राइव्ह मी स्वतः आणून देतो. संस्थाचालक, प्राचार्य, नगरसेवक माझ्या यादीत बरेच आहेत. एक हार्ड डिस्क कोण देतं ते बघू.