नकाशा काढा, पण पुस्तक मिटून



"वाचताना सगळे समजते, पण प्रश्नपत्रिका हातात पडली की काहीच आठवत नाही." यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस आणि आसपासच्या खेड्यांतून अकरावीला येणारे कितीतरी विद्यार्थी ही तक्रार करतात. त्यांतील काही जण 'आपले डोके विज्ञानाचे नाही' असे ठरवून शाखाच बदलतात. हा निष्कर्ष मला मान्य नाही. बहुतेक वेळा उणीव डोक्यात नसते, अभ्यासाच्या रीतीत असते. आणि रीत बदलता येते.

मुळात विसरणे हा दोष नव्हे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १८८५ साली प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि नंतर मंदावतो, असे त्याला आढळले. यावर उपाय म्हणून आपण तेच पान पुन्हा पुन्हा वाचतो. आता पुष्कळ शाळांत मनोनकाशे, म्हणजे माइंड मॅप, काढून घेतात. टोनी बुझान या इंग्रज लेखकाने १९७४ पासून ही पद्धत लोकप्रिय केली. कागदाच्या मध्यभागी विषय, त्यातून निघणाऱ्या फांद्या आणि फांदीवर एकेक शब्द, असे तिचे रूप असते.

पद्धत चांगली आहे. परंतु पुस्तक समोर उघडे ठेवून, रंगीत पेनांनी काढलेला नकाशा म्हणजे सुबक नक्कल होय. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील कार्पिक आणि ब्लंट यांनी २०११ साली याचा पडताळा प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी विज्ञानाचा उतारा समोर ठेवून संकल्पनांचा नकाशा काढला. इतरांनी उतारा वाचला, बाजूला ठेवला, आठवेल ते लिहिले आणि हेच पुन्हा एकदा केले. आठवड्यानंतरच्या परीक्षेत आठवून लिहिणारे पुढे राहिले. परीक्षेत नकाशाच काढायला सांगितला, तेव्हाही तेच पुढे होते!

म्हणून माझे सांगणे एवढेच: नकाशा अवश्य काढा, पण पुस्तक मिटून.

दहावीचे 'उष्णता' हे प्रकरण घ्या. एकदा लक्षपूर्वक वाचा आणि पुस्तक मिटा. कोऱ्या कागदाच्या मध्यभागी 'उष्णता' लिहा. अप्रकट उष्मा, आर्द्रता, विशिष्ट उष्माधारकता, पाण्याचे असंगत आचरण अशा फांद्या आठवून काढा. अडलात तर लगेच पुस्तक उघडू नका. दोन-तीन मिनिटे प्रयत्न करा. मग पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे लाल शाईने भरा. तो लाल भाग म्हणजे तुमचा उद्याचा अभ्यास. दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने तोच नकाशा नव्याने काढा. लाल शाई कमी होत गेली, तर प्रगती झाली असे समजा.

नकाशाचा खरा लाभ फांद्या जोडण्यात आहे. मे महिन्यात आपल्या घरोघरी कूलर चालतो. ताट्यांवरील पाण्याची वाफ होताना ते हवेतील उष्णता शोषून घेते. १०० अंशांच्या १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी लागतात. कमी तापमानाला तर किंचित अधिकच. ही झाली अप्रकट उष्म्याची फांदी. मग तोच कूलर जुलैत का गार करत नाही? कारण हवा आधीच बाष्पाने भारलेली असल्याने बाष्पीभवन मंदावते. ही आर्द्रतेची फांदी. पुस्तकात हे मुद्दे वेगवेगळ्या पानांवर असतात. नकाशात त्यांच्यामध्ये एक रेघ ओढता येते. ती रेघ तुम्ही स्वतः ओढलीत, म्हणजे विषय समजला.

मराठी माध्यमातून अकरावी विज्ञानाला जाणाऱ्यांनी प्रत्येक फांदीवर दोन्ही नावे लिहावीत: अप्रकट उष्मा, लेटंट हीट. कल्पना ओळखीची असली की नव्या नावाची भीती वाटत नाही.

अर्थात, नकाशाने उदाहरणे सुटत नाहीत. त्यासाठी वही-पेन्सिल घेऊन उदाहरणेच सोडवावी लागतात.

शिक्षकांनाही एक विनंती. फळ्यावर तयार नकाशा काढून तो उतरवून घ्यायला सांगू नये आणि रंगकामाला गुण देऊ नयेत. तासाची शेवटची पाच मिनिटे वह्या मिटवून मुलांना आठवू द्यावे. चुकले तरी चालेल. चूक कोठे आहे हे त्यांना दिसले पाहिजे.

या साधनाला पैसा लागत नाही. एका बाजूने कोरा असलेला जुना कागद पुरे, पाटीही चालेल. आज रात्री एकच प्रकरण घेऊन पाहा. पहिल्या नकाशात लाल शाई पुष्कळ दिसेल. तिला घाबरू नका. आठवड्यानंतरचा नकाशा तिच्याशेजारी ठेवा आणि मगच आपल्या डोक्याविषयी मत बनवा.