वारं गेलं म्हणता, पण घड्याळ कोण बघणार?

या पानावर एरवी आपण ऊस, कांदा, हुमणी आणि पाटाच्या आवर्तनाबद्दल बोलतो. आजचा विषय निराळा आहे. मी डॉक्टर नव्हे, शेतीची पदविका घेतलेला खात्यातला माणूस आहे. तरीही हा विषय मांडतो, कारण आमच्याच घरात जे घडले ते दुसऱ्याच्या घरात घडू नये असे वाटते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. उसाची तोड जोरात चालू होती. माझे चुलते रात्रीचे पाणी धरून पहाटे घरी आले. सकाळी सातच्या सुमाराला चहा घेताना कप हातातून गळाला. तोंड एका बाजूला ओढले गेले, डावा हात लोंबायला लागला, बोलणे बोबडे झाले. घरात एकच कल्लोळ. शेजारचे जाणते म्हणाले, "अंगावरून वारं गेलंय. दवाखान्यात काय उपयोग नाही, याला झाडपाल्याचंच औषध लागतं." जीप बोलावली आणि दुसऱ्या तालुक्यातल्या एका औषध देणाऱ्याकडे नेले. तिथे नंबर लावला. तेल चोळले, कबुतराचे रक्त लावले, पथ्य सांगितले. दुपारी शुद्ध हरपायला लागली तेव्हा नगरचा रस्ता धरला. सीटी स्कॅन होईपर्यंत चार वाजले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता झालं?" आम्ही म्हणालो, "सकाळी सात." ते म्हणाले, "दहाच्या आत आणला असता तर गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं."

त्या दिवशी मी घरातच होतो. शिकलेला म्हणून माझ्या शब्दाला किंमत होती. पण मोठ्यांपुढे मी गप्प बसलो. चुलते वाचले, काठी टेकत चालतात. डावा हात मात्र कामाचा राहिला नाही. चार एकर बागायत आता वाट्याने दिली आहे.

त्यानंतर या आजाराबद्दल मिळेल ते वाचत गेलो, डॉक्टरांना विचारत गेलो. आपल्याला कळेल अशा भाषेत सांगायचे तर, मेंदूला रक्त पुरवणारी नळी म्हणजे आपली पोटचारी. चारीत गाळ अडकला की खालच्या वाफ्यांचे पाणी तुटते. अगदी टोकाचे पीक आधी वाळते, त्याच्या अलीकडचे कोमेजलेले असते पण जिवंत असते. वेळेत चारी मोकळी केली तर कोमेजलेले पीक उभे राहते. वाळलेल्याला मात्र पाणी देऊन उपयोग नाही. मेंदूचेही असेच. मोठी नळी बंद झाली तर उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला आहे. एक तास नंबर लावून बसणे म्हणजे काय, ते यावरून समजावे.

आता कोणी म्हणेल, "आमच्या मामाला त्याच औषधानं गुण आला, त्याचं काय?" हा प्रश्न खोटा नाही. पण त्याचे उत्तर आपल्या शेतीतच आहे. नवीन औषध फवारले आणि कीड गेली, एवढ्यावर आपण औषध चांगले म्हणत नाही. शेजारी न फवारलेला प्लॉट ठेवतो. त्या प्लॉटवरची कीडही पावसाने गेली असेल तर श्रेय औषधाचे नसते. राहुरीच्या विद्यापीठात प्रयोग होतात ते असेच, आणि कोणत्या प्लॉटला काय द्यायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवतात. ही पद्धत मुळात शेतीतूनच आली. इंग्लंडमधल्या रोथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात ती बसवली. माणसांवरच्या औषधांच्या चाचणीत ती पुढे गेली. म्हणजे डॉक्टरांनी ही विद्या आपल्या बांधावरून नेली आहे.

त्याच पद्धतीने अमेरिकेत गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनची चाचणी झाली. निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. एकूण ६२४ रुग्ण, सगळे झटका आल्यापासून तीन तासांच्या आत आलेले. निम्म्यांना खरे औषध, निम्म्यांना नुसते दिसायला तसेच पाणी. बाकीची शुश्रूषा सारखी. चाचणीच्या दुसऱ्या भागात तीन महिन्यांनी पाहिले, तर औषध मिळालेल्या दर १०० जणांपैकी ३९ जण जवळजवळ पूर्वीसारखे झाले होते. औषध न मिळालेल्या १०० पैकी २६ जण तसे झाले होते.

हा २६ चा आकडा नीट ध्यानात घ्या. औषध न देताही १०० पैकी २६ जणांना गुण आला! शरीर स्वतःच काही प्रमाणात सावरते. झाडपाल्यावाल्याची कीर्ती चालते ती अशाच आपोआप सावरणाऱ्यांवर. जे सावरत नाहीत ते परत त्याच्या दारात जात नाहीत, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. त्याचा न फवारलेला प्लॉट कोणी पाहिलेलाच नाही. आणि २६ चे ३९ करणारे औषध वेळेत मिळाले तरच चालते. १०० जणांमागे हे १३ जण जास्तीचे, म्हणजे साधारण आठ जणांमागे एक माणूस आपल्या पायावर उभा. तो तिकडे तेल चोळण्यात गमावला जातो.

हे औषध निर्धोक आहे असे मात्र मी सांगणार नाही. त्याच चाचणीत औषध घेतलेल्या १०० पैकी सहांहून थोड्या जास्त जणांच्या मेंदूत रक्तस्राव होऊन प्रकृती बिघडली. न घेतलेल्यांत असे एकाहून कमी. शिवाय काही झटके मुळात नळी फुटून येतात, बंद होऊन नव्हे. त्यांना हे इंजेक्शन दिले तर घातच. म्हणून आधी सीटी स्कॅन लागतो. घरी ॲस्पिरिनची गोळी तोंडात घालणे किंवा गावातच कुठलेतरी इंजेक्शन टोचून घेणे चूक, ते याचमुळे. गिळता येत नसेल तर पाणी, चहासुद्धा पाजू नये, ठसका लागून फुप्फुसात जातो.

पुढे २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. मोठी नळी बंद असेल तर जांघेतून बारीक नळी घालून गाठ ओढून काढतात. २०१५ मध्ये पाच चाचण्यांनी त्याचा फायदा दाखवला, आणि २०१८ मध्ये निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही उपयोग होतो हे दिसले. म्हणजे उशीर झाला म्हणून घरी परतू नये. पण ही सोय मोठ्या शहरांतच असते. एकाच टोच्यात देता येणारे टेनेक्टेप्लेज हे औषधही आता या आजारात वापरतात. ते आपल्या पुण्यातली जेनोव्हा कंपनी बनवते. औषध पुण्यात तयार होते आणि आपला माणूस कबुतराच्या रक्तावर राहतो, याला काय म्हणावे?

हा आजार शहरातल्या सुखवस्तू लोकांचा, असाही एक समज आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांत २०११ ते २०१३ अशी दोन वर्षे प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू या झटक्याने झालेले निघाले. कुठल्याही एका कारणाने झालेल्या मृत्यूंत हा आकडा सगळ्यात मोठा. त्यांतले ८७ टक्के लोक घरीच गेले. गडचिरोलीत जंगल आहे, रस्ते लांब आहेत. आपल्या सोनईपासून अहिल्यानगर पस्तीस-चाळीस किलोमीटर. घोडेगावच्या कांदा मार्केटला आपण मध्यरात्री गाडी काढतो. मग माणसासाठी कोणती अडचण आहे?

झटक्यानंतरच्या दिवसांबद्दलही दोन शब्द. पहिल्याच दिवशी ओढून-ताणून चालवायची घाई नको. २०१५ च्या २,१०४ रुग्णांच्या चाचणीत पहिल्या २४ तासांत जोरात उठवल्याने फायद्याऐवजी तोटा दिसला. उलट काही महिन्यांनी, हातात थोडी हालचाल परतलेली असेल तर, चांगला हात दिवसभर बांधून ठेवून दुबळ्या हाताकडून काम करून घेण्याचा व्यायाम अमेरिकेत २२२ रुग्णांवर तपासला गेला, आणि २००६ मध्ये त्याचा उपयोग दिसला. आपण मात्र माया म्हणून दुबळ्या हाताला काहीच करू देत नाही.

आपल्या देशातही १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर एक चाचणी झाली. घरच्या माणसांना व्यायाम शिकवून घरी पाठवले तर पुरेल का, असा प्रश्न होता. २०१७ मध्ये उत्तर आले की नाही पुरत. दोन्ही गटांत सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण ४७ टक्केच. याचा अर्थ घरच्यांनी हात झटकावेत असा नाही. पण सगळा भार सुनेवर टाकून सरकारने मोकळे होऊ नये. तालुक्याच्या ठिकाणी नियमित व्यायामतज्ज्ञ मिळाला पाहिजे, ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय रक्तदाबाचा. एकदा झटका येऊन गेलेल्या ६,१०५ लोकांची चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. रक्तदाबाच्या गोळ्यांनी सुमारे चार वर्षांत पुन्हा झटका येण्याचे प्रमाण १०० मध्ये १४ वरून १० वर आले. आपल्याकडे गोळी महिनाभर घेतात आणि "बरं वाटतंय" म्हणून बंद करतात. मोटारीचा स्टार्टर बरा चालतो म्हणून कोणी फ्यूज काढून ठेवतो का? तंबाखू आणि बिडीबद्दल वेगळे सांगायला नको.

आता गावातल्या कारभाऱ्यांना विनंती. येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी ठरवाव्यात. पहिली, दिवसरात्र सीटी स्कॅन चालू असलेले आणि हे इंजेक्शन देणारे रुग्णालय कोणते, ते फोन करून आधीच विचारून घ्यावे आणि त्याचा नंबर १०८ च्या नंबरासह ग्रामपंचायत, सोसायटी व दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर ठळक लिहावा. जवळचा दवाखाना तो योग्य दवाखाना असेलच असे नाही. दुसरी, तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे बोबडे, यांतले एक जरी अचानक दिसले तरी निघायचे, हे आशाताई, पोलीस पाटील आणि शाळेतली पोरे यांना पाठ करून द्यावे. दहा मिनिटांत आपोआप बरे झाले तरी जायचेच, तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असतो. तिसरी, गाळप हंगामात कारखान्यावर आणि ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर रक्तदाब तपासणी लावावी.

घरच्यांनी एक वेळ लक्षात ठेवावी. रुग्ण धडधाकट असल्याचे शेवटचे कोणी, किती वाजता पाहिले? रात्री पाण्यावर गेलेला माणूस सकाळी बांधावर पडलेला सापडला, तर डॉक्टर हीच वेळ विचारतात.

आमच्या घरी त्या दिवशी जीप होती, डिझेल होते, पैसेही होते. फक्त पहिला रस्ता चुकला. पेरणीची वापसा हुकली तर दुबार पेरणी करता येते. इथे तशी सोय नाही. तेव्हा पुढच्या वेळी कोणी "वारं गेलं" म्हणाले, की तरण्या पोरांनी माझ्यासारखे गप्प बसू नये. घड्याळ बघावे, १०८ लावावा, आणि गाडी सीटी स्कॅनच्या दिशेने काढावी.